नोकरी सांभाळून नौकानयनाचे धडे

मुंबई उपनगराला समुद्र परका नाही. अंधेरीच्या पश्चिमेला वर्सोवा, मालाडला मार्वे आणि मढ, बोरिवलीला गोराई, तर मुलुंड ते घाटकोपर या पट्ट्याच्या पूर्वेला ठाण्याची खाडी. वर्सोवा-मढ, मार्वे-मनोरी आणि बोरिवली-गोराई या जलमार्गांवर तरीने जाणे हा अनेकांच्या नित्यक्रमाचा भाग आहे. तरीही बोट कशी चालते, पाण्यावरचे नियम काय असतात, सागरी नकाशा कसा वाचावा, हे शिकण्याची इच्छा एखाद्या नोकरदाराला झाली, तर नेमके कोठे जावे हे त्याला कळत नाही. परवडणाऱ्या शुल्कात, कामाच्या वेळेनंतर हे शिक्षण घेता येईल का, या प्रश्नाचे उत्तर शिकणाऱ्याच्या उद्देशावर अवलंबून आहे.

या शिक्षणाची गरज केवळ हौसेपुरती नाही. २४ ऑक्टोबर २०१८ रोजी अरबी समुद्रातील शिवस्मारकाच्या नियोजित जागेकडे निघालेली एक बोट खडकावर आदळून बुडाली आणि एका तरुणाला प्राण गमवावे लागले. १४ मार्च २०२० रोजी मांडव्याजवळ प्रवासी बोट बुडू लागली, तेव्हा पोलिसांच्या गस्तीनौकेमुळे ८८ जण बचावले. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. प्रत्येक दुर्घटनेची कारणे वेगळी आहेत. परंतु पाण्याखालचा खडक, दुसऱ्या नौकेची दिशा, लाइफ जॅकेटचा वापर आणि संकटकाळी मदत मागण्याची रीत हे विषय नौकानयनाच्या प्राथमिक अभ्यासक्रमातलेच आहेत.

आधी उद्देश ठरवावा

नौकानयनाचे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यांचे ढोबळमानाने चार गट पडतात. पहिला, व्यापारी जहाजावर नोकरी करू इच्छिणाऱ्यांचा. दुसरा, मासेमारी करणाऱ्या कुटुंबांतील युवकांचा. तिसरा, खाडीतील वा बंदरातील प्रवासी आणि मालवाहू बोटींवर काम करणाऱ्यांचा. आणि चौथा, शीडाची किंवा यांत्रिक बोट हौसेने चालवू इच्छिणाऱ्यांचा. या चारही गटांना लागणारे मूळ ज्ञान बरेचसे सारखे असले, तरी दाखला देणारी यंत्रणा वेगवेगळी आहे. एका गटाचा दाखला दुसऱ्या गटात चालत नाही. शुल्क भरल्यानंतर हे लक्षात आल्यास पैसा आणि वेळ दोन्ही वाया जातात.

व्यापारी जहाजांसाठीचे शिक्षण नौवहन महासंचालनालयाच्या अखत्यारीत येते. हे कार्यालय कांजूरमार्ग पूर्वेला असल्याने मुलुंड आणि घाटकोपरच्या रहिवाशांना ते जवळ आहे. समुद्रावर जाण्यापूर्वीचे मान्यताप्राप्त अभ्यासक्रम मात्र पूर्णवेळ आणि बहुतांशी निवासी असतात. खलाशी होण्यासाठी जी.पी. रेटिंगचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. अधिकारी होण्यासाठी नॉटिकल सायन्समधील तीन वर्षांची पदवी किंवा एक वर्षाची पदविका असते. २००८ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीत त्यासाठी सामाईक प्रवेश परीक्षेद्वारे प्रवेश मिळतो. नेरूळजवळच्या करावे येथील ‘टी. एस. चाणक्य’ ही संस्था याच विद्यापीठाचा भाग आहे. अंधेरी-पवई परिसरात जहाज कंपन्यांची प्रशिक्षण केंद्रे आहेत, पण ती मुख्यतः आधीपासून जहाजावर काम करणाऱ्यांसाठी चालतात. सायंकाळच्या वर्गातून व्यापारी नौदलात थेट नोकरी मिळवून देण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर त्याकडे संशयानेच पाहावे.

वर्सोव्याचे प्रशिक्षण केंद्र

मच्छीमार युवकांसाठी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जवळचा मार्ग वर्सोव्यात आहे. राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाच्या प्रशिक्षण केंद्रात सागरी मत्स्यव्यवसाय, नौकानयन आणि सागरी डिझेल इंजिनाची देखभाल व परिचालन असा सहा महिन्यांचा एकत्रित अभ्यासक्रम शिकवला जातो. त्याची सत्रे साधारणतः जानेवारी आणि जुलैमध्ये सुरू होतात. १८ ते ३५ वयोगटातील क्रियाशील मच्छीमार, किमान चौथी उत्तीर्ण, पोहता येणे, मासेमारीचा दोन वर्षांचा अनुभव आणि मच्छीमार सहकारी संस्थेची शिफारस अशा अटी असतात. अलीकडच्या वर्षांतील शासकीय जाहिरातींत दरमहा ४५० रुपये, तर दारिद्र्यरेषेखालील उमेदवारांसाठी दरमहा १०० रुपये असे शुल्क नमूद केलेले होते. म्हणजे पूर्ण अभ्यासक्रमाचा खर्च अनुक्रमे २,७०० आणि ६०० रुपये होतो. प्रवेश घेताना चालू दर आणि अटी केंद्रात विचारून घ्याव्यात.

हा वर्ग सायंकाळचा नाही आणि सर्वांसाठी खुलाही नाही. मात्र कोळीवाड्यातील ज्या युवकाला वडिलांची बोट पुढे चालवायची आहे, त्याच्यासाठी यापेक्षा परवडणारा पर्याय शोधूनही सापडणार नाही. घाटकोपरच्या बाजूने येणाऱ्यांना मेट्रो-१ मुळे वर्सोव्याचा प्रवासही सोपा झाला आहे.

दहावीनंतर मासेमारी जहाजावरील अधिकारपदाकडे वळू इच्छिणाऱ्यांनी केंद्र सरकारच्या ‘सिफनेट’ या संस्थेची माहिती घ्यावी. तिचे मुख्यालय कोची येथे असून चेन्नई आणि विशाखापट्टणम येथे शाखा आहेत. ‘व्हेसल नॅव्हिगेटर’ हा तेथील दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यासाठी मुंबई सोडावी लागते.

प्रवासी बोटी, बार्ज आणि तरी यांवर काम करणाऱ्यांचा विषय महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाशी निगडित आहे. सारंग, मास्टर आणि इंजिन ड्रायव्हर यांच्या दाखल्यांची परंपरा १९१७ च्या कायद्यापासूनची आहे. त्या कायद्याची जागा आता २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने घेतली आहे. या दाखल्यांसाठी बोटीवरील कामाचा अनुभव लागतो. त्यामुळे आधी खलाशी म्हणून नोंद होणारे काम, नंतर परीक्षा, हाच क्रम राहतो.

विद्यार्थ्यांना मोफत संधी

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी एन.सी.सी.च्या नौदल शाखेचा विचार अवश्य करावा. तिच्या अभ्यासक्रमात नौकानयन, नाविककौशल्य, दोरकाम, वल्ही मारणे, शीडाची बोट चालवणे आणि संदेशवहन यांचा समावेश असतो. ‘बी’ आणि ‘सी’ प्रमाणपत्रांच्या परीक्षांमुळे अभ्यासाला शिस्त लागते आणि त्यासाठी वेगळे शिकवणी शुल्क द्यावे लागत नाही. प्रत्येक महाविद्यालयात नौदल शाखा नसते. म्हणून प्रवेशाच्या वेळीच ही चौकशी करणे श्रेयस्कर. शाळकरी मुलांसाठी कुलाब्यातील ‘टी. एस. जवाहर’ येथे सी कॅडेट कोअर ही स्वयंसेवी संघटना प्रशिक्षण देते. बोरिवली किंवा मुलुंडहून कुलाबा दूर आहे. पण मेट्रो-३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पोहोचली असून मरोळ नाका येथे ती मेट्रो-१ ला जोडलेली असल्यामुळे अंधेरी-घाटकोपरकरांचा प्रवास काहीसा सुसह्य झाला आहे.

हौशी नाविकांसाठी चाळीस तास

चौथ्या गटातील, म्हणजे हौसेने शिकणाऱ्या नोकरदारांचा प्रश्न सर्वांत अवघड वाटतो, पण तोच सायंकाळच्या वेळेत सर्वांत सहज सुटण्यासारखा आहे. ब्रिटनमध्ये रॉयल यॉटिंग असोसिएशन या संस्थेने हौशी नाविकांसाठी पुस्तकी अभ्यासाच्या पायऱ्या आखून दिल्या आहेत. त्यांतील प्राथमिक पायरी सुमारे १६ तासांची, तर ‘डे स्किपर’ ही त्यानंतरची पायरी सुमारे ४० तासांची असते. तेथे हे वर्ग हिवाळ्यात आठवड्यातून एक-दोन सायंकाळी भरवण्याची जुनी प्रथा आहे. आता हा अभ्यास मान्यताप्राप्त केंद्रांकडून घरबसल्या संगणकावरही करता येतो, मात्र शुल्क परकीय चलनात असल्याने ते अनेकांना जड वाटते. भारतात शीडाच्या नौकांच्या खेळाची राष्ट्रीय संघटना यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया ही आहे. तिच्याशी संलग्न क्लब आणि प्रशिक्षण केंद्रे प्रत्यक्ष बोट चालवण्यास शिकवतात.

यातून काटकसरीचा मार्ग निघतो. पुस्तकी भाग उपनगरातच गट करून शिकावा आणि पैसा केवळ प्रत्यक्ष पाण्यावरच्या शिक्षणासाठी राखून ठेवावा. मुंबईच्या उपनगरांत नौदलातून आणि व्यापारी जहाजांवरून निवृत्त झालेले अनेक अधिकारी राहतात. सहा ते आठ जणांनी मिळून अशा एखाद्या अधिकाऱ्याला मानधन दिल्यास प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खर्च आटोक्यात राहतो. सोसायटीचे सभागृह किंवा शाळेचा वर्ग एवढी जागा पुरते. चार्ट पसरता येईल असे मोठे टेबल मात्र हवे.

अभ्यासक्रमात काय असावे?

कोणत्याही वर्गाची निवड करताना त्याच्या अभ्यासक्रमात पुढील विषय आहेत का, हे पडताळून पाहावे.

चार्ट : सागरी नकाशाला नाविक ‘चार्ट’ म्हणतात. त्यावर पाण्याची खोली, खडक, गाळ, दीपगृहे आणि बोये दाखवलेले असतात. अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, अर्थात १,८५२ मीटर. चार्टच्या बाजूच्या अक्षांशपट्टीवरून अंतर मोजता येणे हा पहिला धडा होय. मुंबईच्या चार्टवर कुलाब्याच्या टोकाबाहेरील १८७५ चे प्राँग्ज दीपगृह आणि खांदेरीवरील १८६७ चे दीपगृह ओळखून त्यांच्या दिशांवरून बोटीचे स्थान निश्चित करणे हा उत्तम सराव ठरतो. मोबाइलमधील जीपीएस स्थान दाखवते, पण आपण जात असलेल्या वाटेवर ओहोटीला खडक उघडा पडतो की नाही हे चार्टच सांगतो.

होकायंत्र : खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतील फरक मुंबईजवळ एक अंशाहूनही कमी आहे. त्यामुळे येथील शिकाऊ हा धडा टाळतात. परंतु बोटीवरील इंजिन, लोखंडी वस्तू किंवा शेजारी ठेवलेला मोबाइल यांमुळे होकायंत्राची सुई ढळते ती निराळीच. ही चूक मोजता आली पाहिजे.

भरती-ओहोटी : मुंबईत उधाणाच्या दिवसांत पाण्याची पातळी चार मीटरहून अधिक चढते-उतरते. वर्सोवा आणि मनोरीच्या खाडीत ओहोटीला बोटी चिखलात बसलेल्या दिसतात त्या यामुळेच. सहा तासांच्या भरतीत पाणी दर तासाला सारखे वाढत नाही. एकूण फरकाचे बारा भाग केले, तर तासागणिक अनुक्रमे १, २, ३, ३, २ आणि १ भाग पाणी वाढते, असा नाविकांचा नियम आहे. फरक ३.६ मीटर असल्यास पहिल्या तासात पाणी केवळ ३० सेंटिमीटर, तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी ९० सेंटिमीटर वाढते. प्रवाहही याच मधल्या दोन तासांत जोराचा असतो. कोकणच्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा ठोकताळा आहे. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. हा हिशेब अंदाजापुरता ठीक असला, तरी बोट खाडीतून बाहेर काढताना छापील भरती कोष्टकच वापरावे. पावसाळ्यात मुंबई महापालिका साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीचे दिवस जाहीर करते. ती उंची लाटांची नसून चार्टच्या आधारपातळीपासून मोजलेल्या पाण्याची असते, हा फरकही या अभ्यासात स्पष्ट होतो.

वाहतुकीचे नियम : समुद्रावर टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ मध्ये ठरले आणि १९७७ पासून अमलात आले. आपल्याकडे रस्त्यावर डावीकडून चालण्याची सवय असते. पाण्यावर अरुंद मार्गात उजवी बाजू धरायची असते. दोन यांत्रिक बोटी समोरासमोर आल्यास दोघींनीही उजवीकडे वळावे. मार्ग एकमेकींना छेदत असतील, तर जिच्या उजव्या हाताला दुसरी बोट दिसते तिने वाट द्यावी. रात्री बोटीच्या डाव्या बाजूला लाल आणि उजव्या बाजूला हिरवा दिवा असतो. समोर लाल आणि हिरवा दोन्ही दिवे एकत्र दिसले, तर ती बोट थेट आपल्याकडे येत आहे असे समजावे. मुंबईच्या समुद्रात मासेमारी बोटींची वर्दळ मोठी असल्याने त्यांचे दिवेही ओळखता यावेत. पांढऱ्यावर हिरवा दिवा म्हणजे ट्रॉलर, तर पांढऱ्यावर लाल दिवा म्हणजे अन्य प्रकारे मासेमारी करणारी बोट.

बोये : येथे एक धोका आवर्जून लक्षात ठेवावा. बोयांच्या रंगांच्या बाबतीत जगाचे दोन विभाग आहेत. भारत ‘अ’ विभागात मोडतो. म्हणून बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला आणि हिरवा उजव्या हाताला ठेवायचा असतो. अमेरिकेत नेमके याच्या उलट असते. इंटरनेटवरील अमेरिकी चित्रफिती पाहून शिकणाऱ्याने हा नियम तसाच उचलला, तर त्याची बोट मार्गाबाहेर उथळ पाण्यात जाईल.

हवामान आणि सुरक्षितता : भारतीय हवामान खात्याचे मच्छीमारांसाठीचे इशारे आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेचे सागरी अंदाज विनामूल्य मिळतात. बंदरावर लागणाऱ्या तीन नंबरच्या बावट्याचा अर्थ शिकाऊ नाविकाला ठाऊक असायलाच हवा. त्याशिवाय नांगर टाकण्याची रीत, मोजक्या उपयुक्त गाठी, आग विझवणे, माणूस पाण्यात पडल्यास करायची हालचाल आणि व्हीएचएफ रेडिओच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर मदत मागण्याची पद्धत हे विषय हवेत. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक पाठ असावेत.

अल्पखर्चाची साधने

पुस्तकांवर मोठा खर्च करण्याची गरज नाही. नेथॅनिएल बाउडिच यांनी १८०२ मध्ये सिद्ध केलेला आणि सातत्याने सुधारला जाणारा ‘अमेरिकन प्रॅक्टिकल नॅव्हिगेटर’ हा इंग्रजी ग्रंथ अमेरिकी सरकार संकेतस्थळावरून मोफत उपलब्ध करून देते. बोयांविषयीचा वर उल्लेखिलेला फरक ध्यानात ठेवून तो वाचावा. ‘ओपनसीपीएन’ ही चार्ट हाताळण्याची संगणकप्रणालीही विनामूल्य आहे. भारतीय किनाऱ्याचे अधिकृत चार्ट, भरती कोष्टके आणि दीपगृहांची यादी देहरादून येथील नौदलाचे जलसर्वेक्षण कार्यालय प्रसिद्ध करते. सरावासाठी रद्द झालेला जुना चार्ट चालतो. प्रत्यक्ष समुद्रावर जाताना मात्र अद्ययावत चार्टच हवा. समांतर पट्टी, विभाजक, पेन्सिल आणि दोन मीटर दोर एवढ्या साहित्यावर अभ्यास सुरू करता येतो. सर्व साहित्य गटात मिळून विकत घेतल्यास खर्च आणखी कमी होतो.

पावसाळ्याचे दहा आठवडे

या अभ्यासाचे वेळापत्रक मुंबईचा समुद्रच ठरवून देतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि गेटवे-मांडवा प्रवासी वाहतूकही पावसाळ्यात बंद राहते. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. हाच काळ पुस्तकी अभ्यासाला योग्य. आठवड्यातून दोन सायंकाळी प्रत्येकी दोन तास दिल्यास दहा आठवड्यांत चाळीस तास पूर्ण होतात. जूनच्या मध्याला आरंभ केल्यास नारळी पौर्णिमेच्या आसपास अभ्यास संपतो.

पहिले तीन आठवडे चार्ट आणि होकायंत्राला, पुढचे दोन भरती-ओहोटीला, त्यानंतरचे दोन वाहतुकीचे नियम आणि दिव्यांना, एक बोये आणि दीपगृहांना, एक हवामानाला आणि शेवटचा आठवडा सुरक्षितता व उजळणीला द्यावा. या काळात पोहणे येत नसल्यास तेही शिकून घ्यावे. समुद्र शांत झाल्यावर, ऑक्टोबरनंतर, मान्यताप्राप्त केंद्रात दोन-तीन दिवसांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे. पूर्वतयारी झालेली असल्याने बोटीवरचा महागडा वेळ प्राथमिक गोष्टी समजून घेण्यात खर्ची पडत नाही.

शुल्क भरण्यापूर्वी

समुद्रावरच्या नोकरीचे आमिष दाखवून तरुणांची फसवणूक होण्याचे प्रकार सातत्याने उघडकीस येतात आणि नौवहन महासंचालनालय त्याविषयी वेळोवेळी सावध करत असते. म्हणून पुढील बाबी लेखी विचारून घ्याव्यात.

• संस्थेला मान्यता कोणाची आहे आणि ती याच अभ्यासक्रमासाठी आहे का? व्यापारी नौवहनाच्या मान्यताप्राप्त संस्थांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर असते.

• मिळणारे प्रमाणपत्र केवळ उपस्थितीचे आहे, परीक्षेचे आहे की बोट चालवण्याचा अधिकृत दाखला आहे?

• शिकवणाऱ्याची पात्रता आणि समुद्रावरचा अनुभव कोणता?

• शुल्कात पुस्तके, चार्ट, परीक्षा आणि प्रत्यक्ष बोटीवरचे तास धरलेले आहेत का? वर्ग रद्द झाल्यास पैसे परत मिळतात का?

• नोकरीची हमी दिली जात असेल, तर संबंधित संस्थेकडे खलाशी भरतीचा सरकारी परवाना आहे का?

सायंकाळच्या वर्गातून मिळणारे ज्ञान हा परवाना नव्हे. बोट विकत घेणे, भाड्याने देणे किंवा प्रवासी नेणे यांसाठी नोंदणी, विमा आणि पात्रतेचे स्वतंत्र नियम आहेत. त्यांची माहिती महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडून घ्यावी. रेडिओ बसवण्यासाठीही दूरसंचार विभागाची परवानगी लागते. तथापि ज्याला चार्ट वाचता येतो, भरतीची वेळ काढता येते आणि समोरच्या दिव्यांचा अर्थ लावता येतो, तो मांडव्याच्या बोटीतला साधा प्रवासी असला तरी अधिक सुरक्षित असतो. लाइफ जॅकेट कोठे ठेवले आहेत, बोटीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे आहेत का, बावटा लागलेला असताना निघणे योग्य आहे का, हे प्रश्न तो वेळीच विचारू शकतो.